इंजिनाचा आवाज : आधी कान, मग पाना



मागील लेखात आपण गाडीच्या बॅटरीची निगा पाहिली. या खेपेस विषय घेतला आहे तो इंजिनातून येणाऱ्या वेगळ्या आवाजाचा. आज पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या दारात चारचाकी उभी असते. बहुधा ती दुसऱ्याच्या हातची घेतलेली असते आणि गॅरेज तालुक्याच्या गावी असते. अशा वेळी इंजिन वेगळे बोलू लागले की घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर 'चालतेय ना, चालू द्या' म्हणून सारे कानाडोळा करतात, नाही तर घाबरून म्हणेल तो खर्च मान्य करतात. दोन्हींत नुकसानच आहे. म्हणून आवाज कोणता, त्यातला घरी निस्तरता येण्याजोगा कोणता आणि कोणता आला की इंजिन तत्काळ बंद करावयाचे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावयास हवे.

गेल्या भाद्रपदात आल्याची कंदकूज पाहण्यासाठी मी सातारा जिल्ह्यातील एका गावी गेलो होतो. शेताची पाहणी झाल्यावर चहासाठी घरी गेलो, तो घरात चिंतेचे वातावरण. त्या घरातील आजींना आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी साताऱ्यास न्यावे लागते. त्यासाठीच त्यांनी जुनी पेट्रोलगाडी घेतलेली. तिच्या इंजिनातून आठवडाभर 'खडखड' असा आवाज येत होता. गॅरेजमध्ये दाखविले, तेव्हा इंजिन उतरवून उघडावे लागेल, ४५ हजारांच्या आसपास खर्च येईल असे सांगण्यात आले. आल्याचे पैसे येण्यास अजून अवकाश होता, म्हणून दुभती म्हैस विकावयाचे ठरत होते.

मी काही मिस्त्री नव्हे. पण वहिनी म्हणाल्या, "साहेब, मघाशी आल्याला किती प्रश्न विचारलेत! कधीपासून पिवळं पडलं, पाणी दिल्यावर वाढतं का, वाफ्याच्या कडेला आहे की मधे. तसंच गाडीला विचारून बघा की."

वहिनींचे म्हणणे खरे होते. मग त्यांनाच विचारले. त्यांनी सांगितले की, गाडी फाटकात उभी असताना आवाज जास्त येतो, रस्त्याला लागली की विरतो आणि रात्री दिवे लावले की पुन्हा वाढतो. इंजिनाच्या पोटातील बेअरिंग खिळखिळे झाले असते, तर चढावर व ओझ्याखाली आवाज वाढला असता. येथे तसे होत नव्हते. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल पुरेसे होते. ऑइलचा लाल दिवाही इंजिन सुरू होताच विझत होता.

मग ठिबकच्या १६ मि.मी. नळीचा हातभर तुकडा मागविला. एक टोक कानाशी धरून दुसरे टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांजवळ फिरविले. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, जेथे इंजिनावर बसविलेला असतो तेथे आवाज एकदम मोठा झाला. इंजिन बंद करून हात लावला, तो अल्टरनेटर हलत होता. त्याच्या खालचा नट सैल झाला होता. दिवे लावले की अल्टरनेटरवर ओझे पडते, पट्टा त्याला ओढतो, म्हणून आवाज वाढत होता. पान्याने नट आवळला, पट्ट्याचा ताण पाहिला आणि गाडी सुरू केली. खडखड थांबली. म्हैस गोठ्यातच राहिली आणि आजी दुसऱ्या दिवशी वेळेवर साताऱ्यास गेल्या.

गॅरेजवाल्याचा हेतू वाईट होता असे माझे म्हणणे नाही. घाईत आवाज ऐकला की तो खालून आल्यासारखा वाटतो. पण गाडी रोज वापरणाऱ्या माणसाकडे जी माहिती असते, ती दहा मिनिटे गाडी पाहणाऱ्याकडे नसते. ती माहिती नीट जमवून सांगणे हे आपले काम आहे.

आधी विचारावयाचे पाच प्रश्न

वहीच्या एका पानावर उत्तरे लिहून ठेवावीत. गॅरेजमध्ये जावे लागले तरी तो कागद उपयोगी पडतो.

१. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस केली तर आवाज बदलतो काय? बदलत असेल तर तो इंजिनाचा किंवा इंजिनाला जोडलेल्या भागांचा आहे. गाडी चालतानाच येत असेल आणि चाकाच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर चाकाचे बेअरिंग, ब्रेक, टायर यांकडे पाहावे.

२. सकाळी इंजिन थंड असताना येतो, की गरम झाल्यावर?

३. चढावर, ओझे भरल्यावर वाढतो काय?

४. क्लच दाबला की बदलतो काय? बदलत असेल तर दोष बहुधा क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बाजूचा असतो. ते काम घरचे नव्हे.

५. कधीपासून येतो आणि त्याच्या आधी काय घडले? ऑइल बदलले होते का, गाडी पाण्यातून गेली होती का, पंपावर पेट्रोल भरल्यानंतर लगेच सुरू झाला का?

ऐकावयाची रीत

एकाने गाडीत बसावे आणि दुसऱ्याने ऐकावे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये ठेवावी. बंद शेडमध्ये किंवा गोठ्याला लागून इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, त्यामुळे गुदमरल्याचे कळतही नाही.

वाऱ्याची फुसफुस शोधण्यास ठिबकच्या नळीचा तुकडा उत्तम. आतील ठोके ऐकावयाचे असल्यास लांब स्क्रूड्रायव्हर घ्यावा. त्याचे टोक इंजिनाच्या न फिरणाऱ्या धातूच्या भागावर टेकवून मूठ कानापुढच्या हाडाला लावावी. डॉक्टर नळी लावून छाती तपासतात तसाच हा प्रकार आहे. आवाज जेथे सर्वांत मोठा, तेथे किंवा तेथून अगदी जवळ दोष असतो.

मात्र पदर, ओढणी, उपरणे, सैल बाही, गळ्यातील साखळी आणि मोकळे केस घेऊन चालू इंजिनावर वाकू नये. पट्टा आणि पंखा यांना माणूस व कापड यांतला फरक कळत नाही. बऱ्याच गाड्यांचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून हात घालण्यापूर्वी किल्ली काढून खिशात ठेवावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

घरी निस्तरता येणारे आवाज

'चिर्र' असा किंचाळल्यासारखा आवाज. सकाळी दवात किंवा पावसाळ्यात सुरुवातीलाच येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. हा पट्ट्याचा आवाज. इंजिन बंद करून पट्टा पाहावा. चिरा पडल्या असतील, कडा उसवल्या असतील किंवा चकाकी आली असेल तर पट्टा बदलावा. जुन्या पद्धतीचा व्ही पट्टा दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला असता सुमारे अर्धा इंच दबावा. जास्त दबत असेल तर ताण वाढवावा. फार ताणू मात्र नये, त्याने अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाचे बेअरिंग जाते. नव्या गाड्यांत रुंद, रेघांचा पट्टा असतो आणि त्याचा ताण पुष्कळदा आपोआप राखला जातो. पट्ट्याला ग्रीस, साबण किंवा तेल लावण्याचे उपाय करू नयेत. आवाज चार दिवस थांबतो आणि पट्टा नासतो. तसेच इंजिनाच्या बाजूला झाकणाखाली टायमिंगचा पट्टा असतो, त्याला घरी हात लावावयाचा नाही. तो एक दातभर जरी सरकला तरी इंजिनाचे तंत्र बिघडते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

'घुर्र' असा जात्यासारखा सततचा आवाज, पट्ट्याच्या बाजूने. हे एखाद्या पुलीचे, अल्टरनेटरचे किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग असते. किल्ली काढून, पट्टा सैल करून प्रत्येक पुली हाताने फिरवावी. चांगली पुली गुळगुळीत फिरते, खराब झालेली खरखरते किंवा डुगडुगते. पाण्याच्या पंपाखाली कूलंट ठिबकल्याचे डाग दिसले तर पंप बदलण्यास विलंब करू नये. भाग बदलण्याचे काम मिस्त्रीचे, पण कोणता भाग बदलावयाचा हे आपण सांगू शकतो.

'फटफट' किंवा 'फुसफुस'. थंड इंजिनात जास्त आणि गरम झाल्यावर कमी. सायलेन्सरचा नळ इंजिनाला जेथे जोडलेला असतो तेथील गास्केट फुटलेले किंवा नट सैल झालेले असतात. धातू तापून फुगला की फट बुजते, म्हणून आवाज कमी होतो. त्या जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसतो, हीच खूण. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नट बेताने आवळून पाहावेत. गंजलेला नट जोर लावून पिळला तर स्टड तुटतो आणि पाच मिनिटांचे काम दिवसाचे होते. हा धूर गाडीत शिरू शकतो, म्हणून हा दोष लहान समजू नये.

'किणकिण', 'खणखण' असा पत्र्याचा आवाज. सायलेन्सरवरचा उष्णता अडविणारा पत्रा गंजून सुटतो, किंवा खालच्या पत्र्यात खडा अडकतो. आवाज मोठा, पण दोष किरकोळ. थंड गाडीला काठीने हळूच ठोकून पाहिले की पत्रा सापडतो. स्टीलच्या क्लँपने तो तात्पुरता आवळता येतो. प्लॅस्टिकची दोरी किंवा सुतळी बांधू नये, ती पेट घेते.

'खर्रर्र' असा कशाला तरी घासल्याचा आवाज. आपल्या गाड्या गंजीशेजारी उभ्या असतात. बॉनेटखाली उंदीर घरटे करतात, कडबा आणि उसाचे पाचट पंख्यात अडकते, वायरी कुरतडल्या जातात. पाचट गरम सायलेन्सरवर पडले तर आगीचे भय. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून झाडून काढावे. थंडीच्या दिवसांत उबेसाठी मांजर इंजिनाशेजारी जाऊन बसते, म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर एक थाप मारावी. हे काम मुलांकडे द्यावे, ती विसरत नाहीत.

ऑइल पाहून ठरवावयाचे आवाज

'टिकटिक' असा हलका, जलद, शिवणयंत्रासारखा आवाज, इंजिनाच्या वरच्या बाजूने. हा बहुधा टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा. व्हॉल्व्ह चालविणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ही टिकटिक इंजिनाच्या फेऱ्यांच्या मानाने निम्मी ऐकू येते. नव्या पेट्रोलगाड्यांत इंजेक्टरचीही बारीक टिकटिक असते, ती स्वाभाविक समजावी. सकाळी सुरू करताच दोन-तीन सेकंद टिकटिक होऊन थांबत असेल तरी काळजी नको, रात्री खाली उतरलेले ऑइल वर चढण्यास तेवढा वेळ लागतो.

थांबत नसेल तर पहिले काम एकच, ऑइल पाहणे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पट्टी ओढावी, पुसावी, पुन्हा घालून काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत सर्वसाधारणपणे पाऊण ते एक लिटर ऑइल लागते. थोडे थोडे घालून पुन्हा पाहावे, वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नये. कोणत्या नंबरचे ऑइल ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल पेट्रोलगाडीत ओतू नये. पट्टीवर ताकासारखा पांढरट फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरले असण्याचा संभव असतो. गाडी न चालविता दाखवावी. ऑइल बरोबर असून टिकटिक राहिली, तर टॅपेटचे अंतर फिलर गेजने बसवून घ्यावे. पुष्कळ नव्या गाड्यांत ते आपोआप राखले जाते, तेथे अंतर बसविण्याचा प्रश्नच येत नाही.

'खळखळ', डब्यात चिंचोके हलविल्यासारखा आवाज, फक्त चढावर आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर, पेट्रोलगाडीत. पेट्रोल सिलिंडरमध्ये नेमक्या क्षणी न जळता भलत्याच रीतीने भडकते, त्याचा हा आवाज. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटणे, इंजिन तापणे, इग्निशनचे टायमिंग चुकणे किंवा भेसळीचे पेट्रोल ही त्याची कारणे. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलने हा दोष हमखास होतो. खालचा गिअर घ्यावा, पाय सैल करावा, पाणी आणि कूलंट पाहावे, पुढच्या खेपेस पंप बदलून पाहावा. तरीही राहिला तर दाखवावे, कारण याने पिस्टन फुटतो.

डिझेल इंजिनाची थोडी ठोकणी स्वाभाविक असते आणि थंडीत ती जास्त वाटते. एकाच सिलिंडरचा ठोका वेगळा व मोठा येऊ लागला आणि धूरही वाढला, तर इंजेक्टरवर संशय घ्यावा. जुन्या ट्रॅक्टरवर मिस्त्री इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून तपासतात, ते पाहून कोणी नव्या डिझेलगाडीवर करू नये. त्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाण्यापर्यंत पाळी येते.

हा आवाज आला की किल्ली बंद

इंजिनाच्या खालच्या बाजूने येणारी जड, खोल 'ठकठक', ओझ्याखाली वाढणारी आणि गरम झाल्यावर अधिकच वाढणारी. हे कनेक्टिंग रॉडचे किंवा क्रँकचे बेअरिंग. त्याबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला तर एक मिनिटही थांबू नये. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

सन २००१ च्या मे महिन्यात आम्ही चिपळूणहून लग्न आटोपून परत येत होतो. गाडीत आई, पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. चार दिवसांपासून इंजिनाच्या वरच्या बाजूला टिकटिक होती. पत्नीने दोनदा म्हटले, "आवाज वेगळा येतोय." मी म्हटले, "घरी गेल्यावर बघू." कुंभार्ली घाट चढू लागलो, तो ऑइलचा लाल दिवा वळणावर लागे आणि विझे. एवढा घाट चढू, मग पाहू असे मनाशी म्हटले. अर्ध्या घाटात ठकठक सुरू झाली. दोन वळणांनंतर इंजिन जाम झाले.

दिवस मावळत होता. मुलीचे दूध संपलेले, आईला मधुमेह, तिचे जेवण खोळंबलेले. दीड तासाने एका मालट्रकवाल्याने तिघींना कोयनानगरपर्यंत नेले आणि मी गाडीपाशी रात्र काढली. पुढे इंजिन उघडले तेव्हा आत पेलाभर ऑइल उरले होते. खालच्या गास्केटमधून ते थेंब थेंब गळत होते. लिटरभर ऑइलने जे भागले असते, त्यासाठी माझा तीन महिन्यांचा पगार गेला. पण पैशापेक्षा आईचे बोलणे लागले. ती म्हणाली, "लोकांना पीक रोज बघा म्हणून सांगत फिरतोस. आणि दारातली गाडी?"

तेव्हापासून आमच्या घरी सोमवारी सकाळी ऑइलची पट्टी पाहिली जाते. मुलगी मोठी झाल्यावर ते काम तिने अंगावर घेतले आणि आज ती तिच्या घरीही तसेच करते.

म्हणून ध्यानात ठेवावे. लाल दिवा किंवा जड ठकठक आली की गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. ऑइल पाहावे. कमी असेल तर घालावे, आणि मगही दिवा विझला नाही किंवा ठोका थांबला नाही तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. गाडी दोराने ओढून किंवा टेंपोत घालून न्यावी. ओढून नेण्याचा खर्च जड वाटतो, पण इंजिनाच्या खर्चापुढे तो काहीच नव्हे. आणि गाडीत आजारी माणूस असेल तर 'पोहोचू कसेबसे' असे म्हणू नये. ताबडतोब १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा दुसरे वाहन थांबवावे. बंद पडावयाची गाडी नेमकी आडरानात पडते.

शेवटी एक विनंती. आवाज प्रथम ऐकू येतो तो बहुधा गाडी चालविणाऱ्याला नव्हे, तर शेजारी बसलेल्याला. चालविणाऱ्याचा कान त्या आवाजाला सरावलेला असतो. घरातील बाईमाणसाने किंवा पोराने 'काहीतरी वेगळं वाजतंय' म्हटले, तर हसण्यावारी नेऊ नये. त्याच दिवशी बॉनेट उघडावे आणि पट्टी ओढावी.

पुढील लेखात उन्हाळ्यापूर्वी रेडिएटर व कूलंटची तपासणी कशी करावी ते पाहू. आपल्या गाडीचा आवाज कळत नसेल, तर वरील पाच प्रश्नांची उत्तरे लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवावीत. जमेल तेवढ्यांना येथूनच उत्तर देईन.